रमचा चहा दर वेळी बिघडतो कुठे?

पोपटीच्या, म्हणजे मडक्यात शेंगा भाजण्याच्या, रात्री आमच्या वाडीत आगीजवळ दोन भांडी असतात. एक मडकं, उपडं घातलेलं, आत भांबुर्डीच्या पाल्यात दडपलेल्या वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे. दुसरा टोप, तीन दगडांच्या चुलीवर, त्यात चहा. मडक्याचं आजवर कधी चुकलं नाही. टोपाचं दर वर्षी चुकायचं.

हा चहा साधा नव्हे, यात रम पडते. जानेवारीत नागावला रात्र चढली आणि मतलई वारा सुटला, की माडाखाली बसलेल्याच्या पाठीत थंडी शिरते. पारा पंधरा-सोळाच्या खाली क्वचितच जातो, म्हणून पुण्याचे पाहुणे आम्हाला हसतात. हसतात ते शेकोटीला चिकटून बसल्यावर, हा भाग वेगळा. अशा वेळी हातात गरम काहीतरी हवं आणि बर्फातली रम नको, एवढ्यावरून हा उद्योग सुरू झाला.

पहिल्या थंडीत चहा फाटला. दुसऱ्या थंडीत फाटला नाही, पण इतका कडू झाला की भाऊजींनी गुपचूप माडाच्या आळ्यात ओतला. तिसऱ्या थंडीत पहिल्याच घोटाला सगळे खोकायला लागले. मग मात्र मी हट्टाला पेटलो. दिवाळी झाल्यापासून रोज एकेक पेला करायचा, घड्याळ लावायचं, थर्मामीटर बुडवायचा, आणि बायकोचं ‘आज परत प्रयोगशाळा का?’ ऐकून घ्यायचं. महिन्याभरात लक्षात आलं की तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. आपण हा पेला चहाच्या सवयीने करायला जातो. पाणी, आलं, साखर, पूड, दूध, सगळं एका टोपात आणि रटरट उकळी. रोजच्या चहाला ते मानवतं. रम आली की मानवत नाही, कारण मग प्रत्येक जिनसेला तिची तिची आच आणि तिची तिची पाळी लागते.

खाली एकेक बिघाड घेतो. फाटण्याचा भाग लांब आहे, कारण सगळ्यात जास्त जण तिथेच अडकतात.

फाटतो

आधी दुधाचं समजून घ्या. ताज्या दुधाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ६.६ ते ६.८; आकडा जितका कमी तितकं आंबट. तो ४.६ पर्यंत उतरला की केसीन नावाचं प्रथिन एकत्र येऊन गोळा होतं, तेच आपलं पनीर, तेच दही. पण हे गणित थंड दुधाचं. दूध उकळत असेल तर त्याला एवढं आंबट लागतच नाही, बऱ्याच आधी फाटतं. म्हणून सकाळी गार प्यायला ठीक असलेलं दूध संध्याकाळी चहाच्या उकळीत दगा देतं.

आता आपण त्या टोपात काय काय लोटतो ते बघा.

गूळ. थंडीत सगळ्यांना गुळाचाच चहा हवा असतो. गूळ थोडा आम्लधर्मी असतो, वर त्यात क्षार असतात, आणि दुधाबरोबर तो खळखळ उकळला की दूध सोडतं. गुळाचा चहा रोज करणाऱ्या घरात हे कुणी शिकवावं लागत नाही, तिथे गूळ शेवटी, गॅस बंद केल्यावर पडतो. मी अलीकडे गूळ सोडून काकवीच घेतो. विरघळवायची कटकट नाही, गाळावी लागत नाही, आणि रम बहुतेक उसाच्या मळीपासूनच होते, त्यामुळे दोघी बहिणी भेटल्यासारख्या मिसळतात.

आलं. यातली गंमत मला उशिरा कळली. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक एन्झाइम असतं, झिंजिबेन. दक्षिण चीनमध्ये याच्याच जोरावर गरम दुधात आल्याचा रस घालून खरवसासारखं घट्ट गोड करतात. त्यांचं ते पक्वान्न, आपला तो फाटलेला चहा. सत्तर अंशांच्या वर हे एन्झाइम मरायला लागतं. म्हणून आलं आधी पाण्यात दोन-तीन मिनिटं चांगलं उकळा, दुधाची आठवण त्यानंतर काढा. ‘वरून थोडं ताजं आलं किसून टाकतो, वास छान येतो’ म्हणणारा एक तरी पाहुणा असतोच. त्याच्या हातातली किसणी काढून घ्या.

आणि रम. दूध संकलन केंद्रावर दूध चांगलं की उतरलेलं हे बघायची एक जुनी चाचणी आहे. दूध आणि साधारण ६८ टक्के तीव्रतेचं अल्कोहोल सारख्या मापाने परीक्षानळीत घालून हलवतात. दूध ताजं असेल तर काही होत नाही. आंबायला लागलेलं असेल तर नळीच्या काचेला कण चिकटलेले दिसतात. आपण पेल्यात करतो ती हीच चाचणी, फक्त गरम करून. आपल्याकडची रम ४२.८ टक्के असते, म्हणजे चाचणीपेक्षा सौम्य, पण आपलं दूध सकाळी आलेलं, दुपारी एकदा तापवलेलं, संध्याकाळी पुन्हा तापवलेलं आणि मधे चार तास ओट्यावर राहिलेलं. पहिल्या वर्षी आमचं नेमकं हेच झालं होतं. दोष रमला दिला, खरा गुन्हेगार पातेल्यातलं सकाळचं दूध होतं.

तेव्हा दुधाचा पेला करायचाच असेल तर दूध त्या दिवशीचं आणि फ्रिजमधून थेट काढलेलं घ्या, वेगळं तापवा, आणि ओतण्याचा क्रम उलटा करा. आपला हात सवयीने तयार दुधाच्या चहात वरून रम ओततो. त्या क्षणी रमचा प्रत्येक थेंब पूर्ण तीव्रतेने दुधावर पडतो. त्याऐवजी पेल्यात आधी रम आणि काकवी, त्यावर कोरा चहा, नीट ढवळा. अर्धा पेग म्हणजे ३० मिली रम सव्वाशे-दीडशे मिली चहात मिसळली की अल्कोहोल सात-आठ टक्क्यांवर येतं. मग बारीक धारेने गरम दूध. गार दूध नको, त्याने फाटणार नाही कदाचित, पण पेला कोमट होतो. इतकं सांभाळूनही भीती वाटत असेल तर दुधाऐवजी साय किंवा कन्डेन्स्ड मिल्क वापरा, ती दोन्ही पुष्कळ सोसतात.

लिंबू किंवा कोकम घालायचं ठरवलं असेल तर दुधाचं नाव काढू नका. एकतर हे, नाहीतर ते. ‘थोडंसंच लिंबू’ असं काही नसतं.

नारळाच्या रसाचंही विचारतात, कारण वाडीत बसून गाईचं दूध कशाला असं प्रत्येकाला वाटतं. आपण सोलकढी कधी उकळतो का? नाही. तोच नियम. नारळाचा पहिला, जाड रस घ्या, चहा आचेवरून उतरल्यावर घाला आणि त्यानंतर तो पेला परत तापवू नका. तापवलात तर वर तेलाचे डोळे दिसायला लागतात आणि खाली चोथा बसतो. माझ्या मते चव बरी लागते, पण दर वेळी करावी अशी नाही. चहाची तुरट बाजू नारळात पार बुडून जाते आणि शेवटी गोड रम-खीर प्यायल्यासारखं वाटतं.

फाटलाच, आता?

ओतू नका. याच अपघाताला दोन-अडीचशे वर्षांपूर्वी विलायतेत आणि अमेरिकेत मिल्क पंच म्हणत. बेंजामिन फ्रँकलिनने १७६३ साली बोस्टनच्या एका मित्राला पत्रासोबत याची कृती पाठवली होती: ब्रँडी, लिंबाची साल आणि रस, साखर, जायफळ, पाणी, आणि वर गरम दूध. मुद्दाम फाडायचं आणि गाळायचं. त्यात चहा नाही, पण चहानेच हे प्रकरण सर्वांत छान जमतं, कारण गोठणारं केसीन जाताना चहातला तुरटपणा ओढून नेतं.

करायचं असं. अर्धवट फाटलेला चहा गाळला तर गढूळच राहतो, म्हणून आधी तो पूर्ण फाडा: एक लिंबू पिळा, दहा मिनिटं हात लावू नका. गाळण्यात मलमलचं फडकं दुहेरी घालून त्यातून ओता. पहिली वाटीभर धार ढगाळ येईल, ती परत वरून त्याच चोथ्यावर ओता. चोथ्याचाच थर गाळणी होतो आणि पुढे खाली सोनेरी निवळी पडायला लागते. घाई करून फडकं पिळलंत की सगळं मुसळ केरात. ही निवळी परत हलकी गरम केली तरी फाटत नाही, फाटायला आत काही उरलेलंच नसतं. आमच्याकडे दुसऱ्या खेपेला एवढी आवडली की एका पोपटीला मी मुद्दाम फाडला आणि कुणाला सांगितलं नाही.

पंच शब्दावरून थोडं विषयांतर. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७० च्या दशकात मुंबई-सुरत भागात होता. १६९८ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात त्याने हा शब्द आपल्या ‘पाच’वरून आल्याचं लिहिलं आहे, पेयात पाच जिनसा म्हणून. भाषेच्या अभ्यासकांचं यावर एकमत नाही. ‘हॉट टॉडी’तल्या टॉडीबद्दल मात्र वाद नाही, ती आपली ताडी. ताडाखालून निघून स्कॉटलंडला गेली आणि तिकडे गरम पाणी, व्हिस्की, साखर असं रूप घेऊन बसली. तेव्हा हे परकं खूळ आहे असं कुणी पोपटीला म्हणालं, तर त्याच्या हातात पेला द्या आणि समोरचा ताड दाखवा.

कडू आणि तुरट होतो

याचं कारण जवळजवळ नेहमी वेळ असतो. आपल्या घरची पूड बहुतेक सीटीसी, म्हणजे यंत्रात चुरडून, फाडून, वळवून केलेले बारीक दाणे. हे यंत्र १९३० साली आसामात निघालं आणि दुधाच्या चहाला त्याने मोठाच हात दिला, कारण दाण्यातून रंग आणि तुरटपणा झटकन उतरतो. दुधाच्या चहात तो तुरटपणा दुधातलं प्रथिन धरून ठेवतं. कोऱ्या, रमच्या पेल्यात त्याला धरायला कुणीच नाही. पाच मिनिटं उकळलेली सीटीसी आणि त्यावर रम म्हणजे काढाच.

पानांचा चहा मिळत असेल तर तो घ्या. आसामचा चालेल; दार्जिलिंगचा महाग आणि नाजूक, रमखाली त्याचा वास हरवतो, पैसे वाया. एका पेल्याला अडीच ते तीन ग्रॅम, म्हणजे पानांचा साधारण एक भरघोस चमचा. पाणी उकळलं की गॅस बंद, मग पानं, झाकण, चार मिनिटं, आणि गाळून मोकळं व्हायचं. सीटीसीच असेल तर सपाट चमचा आणि दोन मिनिटं. कडक हवा असेल तर पत्ती वाढवा, मिनिटं वाढवू नका. हे वाक्य मी आमच्या स्वयंपाकघरात खडूने लिहून ठेवलं होतं, आईने पुसलं. गाळण्यातला चोथा चमच्याने दाबायची खोड आपल्या सगळ्यांना असते. शेवटचे ते चार थेंब सगळ्यात कडू असतात, ते चोथ्यालाच राहू द्या.

चहाचं चुकलं नसेल तर मसाला बघा. लवंग पेल्यामागे एक, तीही चहाबरोबर काढून टाकायची. राहिली तर जीभ बधिर करते आणि लोकांना ते कडूच वाटतं. लिंबाची साल घालायची असेल तर पिवळी-हिरवी वरची, पांढरा भाग नको. गवती चहाची पात उकळत ठेवली की वाळल्या गवताचा वास येतो, तिचा सुवास उडून जातो. पात गाठ मारून, गॅस बंद केल्यावर, चहापत्तीबरोबर झाकणाखाली ठेवा. जायफळ आपल्या वाडीतलं असतं म्हणून लोक सढळ हाताने किसतात. चिमटीची चिमटी पुरे. मावसभावाने एकदा तिरफळं टाकली होती. वास अप्रतिम आला, काळ्या बिया काढायला विसरला. बांगड्याच्या आमटीत शोभतात ती.

एवढं करूनही किंचित तुरट राहिला तर मिठाचे चार कण टाकून बघा. चार म्हणजे चारच.

नाकात चढतो, ठसका लागतो

पेला तोंडाशी नेला की चहाचा वास यायच्या आधी रमचा भपका येतो. काहींना तो पुरुषार्थ वाटतो. मला तो चुकलेला पेला वाटतो.

अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं. पाण्यात मिसळलेलं असलं तरी त्या सुमाराला ते जोरात वर यायला लागतं. उकळत्या चहात रम ओतली की तिच्यातलं हलकं, झोंबणारं ते आधी वाफेत जातं, सरळ तुमच्या नाकात. उपाय फार साधा, थांबा. चहा गाळून दोन मिनिटं राहू द्या, मग रमवर ओता. पिताना पेला ६० अंशांच्या आसपास हवा. तसंही ६५ अंशांपेक्षा गरम पेयं सतत पिणं अन्ननलिकेला वाईट, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली अशा पेयांना ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं आहे. थर्मामीटर नसेल तर आजोबांची पद्धत: बशीत ओतायची गरज वाटत नाही, इतपत गरम. अरुंद उंच ग्लासात भपका साठतो, पसरट कपात विरतो. हा फरक खोटा वाटतो, करून बघा.

काहीजण उलट टोक गाठतात, रम चहाबरोबरच टोपात उकळतात, म्हणजे ‘नशा उडून जाईल, चव राहील’. दोन्ही खोटं. चव जाते, आणि नशा पूर्ण उडत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा यावर तक्ता आहे: उकळत्या पदार्थात घालून लगेच उतरवलं तर ८५ टक्के अल्कोहोल शिल्लक, पंधरा मिनिटं मंद उकळलं तरी ४० टक्के शिल्लक, अर्ध्या तासानेही ३५. म्हणून ‘उकळलाय, काही नाही होत’ म्हणून कुणाला गाडीवर बसवू नका, आणि आजीच्या पेल्यात तर मुळीच नाही.

दुसरं, आगीचं. चाळीस टक्क्यांच्या दारूची वाफ साधारण २६ अंशांनाच पेट घेऊ शकते. म्हणजे थंडीतली एक रात्र सोडली तर आपल्याकडे बाटली उघडीच पेटाऊ असते, आणि टोपात तापवलेली रम तर नक्कीच. पोपटीच्या जाळाशेजारी बाटली तिरपी करून टोपात रम ओतणं हा मूर्खपणा आहे. ज्योत धारेवरून बाटलीकडे येते. रम जाळापासून लांब, ओट्यावर किंवा पडवीत, पेल्यात मापून ठेवायची. चहा तिच्याकडे न्यायचा, तिला चहाकडे आणायचं नाही.

कोमट होतो

दीडशे मिली नव्वद अंशांचा चहा, गार ३० मिली रम आणि रात्रीच्या हवेत गार पडलेला जाड काचेचा ग्लास: हिशोब केला तर ओतल्या ओतल्या पेला सत्तरच्या खाली येतो. रम पूर्ण पेग घातलीत तर ६४-६५ वर. वाऱ्यात बसून गप्पा मारता मारता पाच मिनिटांत तो पिण्यालायक राहत नाही. पेले आधी गरम पाण्याने भरून ठेवा, ओतण्याच्या क्षणी रिकामे करा. रमची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली तर आणखी बरं. स्टीलची फुलपात्रं टाळा, हात भाजतात आणि चहा निवतो, एकाच वेळी. काचेचा ग्लास थंड असताना उकळतं ओतलंत तर तडकेल, हे सांगायला नको.

खारट लागतो

हा खास आपल्याकडचा बिघाड. कोकमाचा रंग चहात सुंदर उतरतो, माणकासारखा, म्हणून पाहुण्यांना दाखवायला सगळे कोकमाकडे वळतात आणि आगळाची, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाची, बाटली उचलतात. आगळात भरपूर मीठ असतं, ते सोलकढीसाठी असतं. आमसुलंही बहुधा मीठ घातलेल्या कोकमाच्या रसाची पुटं देऊनच वाळवतात. रमच्या पेल्याला अमृत कोकम, म्हणजे साखरेत मुरवलेलं, घ्या. आमसुलं घेणार असाल तर पाण्यात एकदा खळबळून ते पाणी फेकायचं, मग तीन-चार आमसुलं गरम पाण्यात दहा मिनिटं. चहात उकळू नका, तो लाल रंग जास्त आचेला तपकिरी पडतो. कोकम घातलंत तर लिंबू नको, आंबटपणा एकाचाच पुरे.

फेणीवाल्यांसाठी: काजूची फेणी कोकमाबरोबर रमपेक्षा छान जाते, दुधाबरोबर अजिबात नाही, आणि गरम झाली की तिचा दर्प दुप्पट होतो, तेव्हा ३० ऐवजी २० मिली. २००९ पासून तिला गोव्याचं भौगोलिक मानांकन आहे आणि ती प्यावी गोव्यातच. बिनपरवाना सीमेपलीकडून आणणं इथे गुन्हा आहे. रम असो वा फेणी, महाराष्ट्रात त्यासाठी वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात आणि परवानाही, हे पोपटीला जमलेल्या कॉलेजच्या पोरांना दर वर्षी नव्याने सांगावं लागतं.

वर तवंग येतो, रंग मेल्यासारखा दिसतो

पाणी. समुद्राजवळच्या विहिरी उन्हाळ्याकडे मचूळ होत जातात. अशा किंवा क्षार जास्त असलेल्या पाण्यात चहावर पातळ पापुद्रा धरतो आणि पेल्याच्या कडेला तपकिरी वळं उठतं. पिण्याचं गाळलेलं पाणी वापरा. नसेल तर चहा गाळल्यावर लिंबाचे चार-पाच थेंब, तवंग विरतो. लिंबाने रंग फिका होतो, त्याने घाबरू नका, ते चहाच्या रंगद्रव्यांचं आम्लाबरोबरचं ठरलेलं वागणं आहे, कडकपणा कमी झालेला नसतो.

सध्या मी कसा करतो

सहा जणांसाठी. एक लिटर पाणी, आल्याच्या आठ-दहा पातळ चकत्या, दालचिनीचं बोटभर पान किंवा तुकडा, तीन मिनिटं उकळी. गॅस बंद. पानांचा चहा पंधरा ग्रॅम, गवती चहाच्या चार पाती, झाकण, चार मिनिटं. गाळून सरळ थर्मासमध्ये. पत्ती आत राहिली तर तासाभरात काढा होतो, म्हणून गाळूनच. गाळलेला चहाही दीड-दोन तासांनी काळवंडतो आणि मंद होतो, तेव्हा पोपटी उकलायच्या बेतात असताना करा, दुपारीच करून ठेवू नका.

पडवीत ट्रेमध्ये गरम पाण्याने तापवलेले कप. प्रत्येकात ३० मिली डार्क रम, दोन चमचे काकवी, दोन चमचे लिंबाचा रस. थर्मासमधला चहा दीडशे मिली, एकदा ढवळून वर जायफळाचा एक फेरा. ज्यांना रम नको त्यांना बाकी सगळं तेच, कपाच्या कानाला दोरा बांधून. दोरा नसताना एकदा कपांची अदलाबदल झाली होती आणि आमच्या आत्या त्या रात्री पहिल्यांदा भेंड्यांमध्ये जिंकल्या.

दोन कपांवर मी थांबतो आणि थांबवतो. रमने ऊब येते असं वाटतं ते कातडीकडे रक्त धावतं म्हणून, आतली उष्णता उलट बाहेर पडते. रात्री दोनला जाळ विझल्यावर कुडकुडणारे असतात ते तिसऱ्या कपाचेच. सर्दीची गोळी घेतलेल्याला तर हा ‘काढा’ म्हणून देऊच नका.

एक बिघाड अजून सुटायचा आहे. सुरुवातीला मी रम थर्मासमध्येच मिसळायचो, ओतायला सोपं म्हणून. वास झाकणाच्या रबरी वायसरमध्ये बसला. खायचा सोडा घालून रात्रभर गरम पाण्यात ठेवला, उन्हात वाळवला, लिंबाची साल कोंबून ठेवली. सकाळच्या पूजेनंतर आई त्यातूनच गुरुजींना चहा देते. गुरुजी अजून काही बोललेले नाहीत, फक्त हल्ली दुसरा कप मागतात.